हुद्द्यामागची बाई

चि. लेखिकाबाईंस, अनेक आशीर्वाद.

तुझ्या कथेचा खर्डा काल रात्री वाचला. पहिल्याच पानावर धूप, रेशमी पडदे आणि सम्राटाची वाट पाहणारी रडवेली तरुणी. हे सगळं काढ. आधी तिला नोकरी दे.

गंमत करत नाही. चीनच्या हान राजवटीत अंतःपुरातल्या बायकांना दरबारी अधिकाऱ्यांसारखेच हुद्दे असत. सम्राट युआनच्या काळात त्यांच्या 14 पायऱ्या झाल्या होत्या, आणि वेतनाची पातळी धान्याच्या मापात ठरलेली. तुझी नायिका, बान घराण्यातली ही मुलगी, 'शाओशी' म्हणून आत आली. म्हणजे बरीच खाली, 400 'शी' धान्याच्या पातळीवर. मग सम्राट चेंगची मर्जी बसली आणि ती 'जिएयू' झाली. वरून दुसरी पायरी, बड्या मंत्र्याच्या तोडीची! तू मात्र जिएयू हे तिचं नाव समजून लाडिक संवाद लिहिलेस. 'मामलेदार, इकडे ये गं' असं कुणी म्हणतं का? तिचं खरं नाव इतिहासात राहिलेलं नाही. तू नवं ठेवू नकोस. आणि 'रखेल' खोड. 'नाटकशाळा' तर आपल्या पेशवाईतली, तिला चांगआनला, हानांच्या राजधानीत, नेऊ नकोस. उपराणी म्हण, चालेल.

बागेतला प्रसंग तू लाजण्यात घालवलास. सम्राट म्हणतो, माझ्या वाहनात शेजारी बस. ती म्हणते, जुन्या चित्रांत चांगल्या राजांशेजारी नामवंत मंत्री दिसतात, राज्य बुडवणाऱ्यांशेजारी लाडक्या बायका. हे लाजणं आहे होय? साहेबाला तोंडावर सुनावणं आहे.

इ.स.पू. 18 मध्ये झाओ फेइयानने, सम्राटाच्या नव्या लाडकीने, तिच्यावर चेटुकाचा आळ घेतला. त्याच आळापायी सम्राज्ञी श्यूचं पद गेलं. बानचं उत्तर असं: देवांना कळत असेल तर ते असलं गाऱ्हाणं ऐकणार नाहीत, आणि कळत नसेल तर गाऱ्हाणं घालून उपयोग काय? सम्राटाने तिला सोडलं, वर सोनंही दिलं. पण तिने ओळखलं की पुढच्या वेळी उत्तर पुरणार नाही. राजमातेच्या सेवेत चांगशिन महालात जाण्याची परवानगी तिने स्वतःहून मागितली. माझ्या मते कथेचा कणा हाच, आणि तू तो दोन ओळींत उरकलास.

एक सावधगिरी. हे सारं 'हान शू' या इतिहासात आहे, आणि तो लिहिणाऱ्या बान गूच्या वडिलांची ती आत्या! घरच्या माणसाने लिहिलेली आत्या देवमाणूसच असणार. म्हणून फेइयानलाही, त्या नाचणाऱ्या मुलीला, एक पान दे. शरद लागताच पेटीत टाकलेल्या पंख्याची कविता बानच्या तोंडी घालू नकोस. ती तिच्या नावावर चालते, पण 'हान शू'त नाही.

त्यात आहे ते तिचं दीर्घ काव्य. दालनात धूळ, पायऱ्यांवर शेवाळ, अंगणात हिरवं गवत. कुणी येतजात नाही, एवढंच ती न बोलता सांगते. पुढचा खर्डा त्या पायऱ्यांपासून सुरू कर. आणि पडदे खरंच काढ.

तुझे,
सर