सिग्नाघीला जा, पण एफडी मोडून नको

प्रश्न : हातकणंगले तालुक्यात चार एकर ऊस आहे, शिवाय मी शिरोली एमआयडीसीत नोकरी करतो. जॉर्जियातलं सिग्नाघी हे डोंगरावरचं वाइनचं जुनं गाव पत्नीसोबत ऐन द्राक्षतोडणीत, ऑक्टोबरमध्ये बघायचंय. ट्रॅव्हल कंपनी दोघांचे 2 लाख 40 हजार सांगते. 5 लाखांची दोन वर्षांची एफडी (7.1 टक्के) मार्चमध्ये पूर्ण होते, ती मुलीच्या जूनमधल्या फीसाठी आहे. सोसायटीचं पीककर्ज 2 लाख 20 हजार आहे. एफडी मोडू की पर्सनल लोन घेऊ?

उत्तर : दोन्ही नको. जायचं जरूर, पण मे महिन्यात.

ऑक्टोबर म्हणजे ऊसवाल्याचा खिसा सर्वांत हलका असण्याचा महिना. मागचं बिल संपलेलं, नवं गाळप नोव्हेंबरशिवाय नाही. ऊस गेल्यापासून 14 दिवसांत कारखान्याने एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर, द्यावी, उशीर झाला तर 15 टक्के व्याज, असा कायदा आहे. पण तोड कधी मिळेल हे तुमच्या हातात नाही, आणि दराचं आंदोलन पेटलं की सगळंच लांबतं. त्या बिलाच्या भरवशावर आधी खर्च करू नका.

एफडी ऑक्टोबरमध्ये मोडली तर 19 महिन्यांचा दर लागेल, त्यातून दंड वजा. तो दर 6.8 आणि दंड 1 टक्का धरला तर हातात 5.8 टक्के पडतात; 5 लाखांवर साधारण 10 हजारांचं नुकसान. शिवाय सहलीसाठी काढलेल्या अडीच लाखांचं पुढच्या पाच महिन्यांचं 7,400 रुपये व्याज बुडतं. अगदीच अडलं तर त्याच ठेवीवर तेवढंच कर्ज घ्या: दर 9.1 टक्के पडला तर पाच महिन्यांचं व्याज साडेनऊ हजार, आणि ठेव शाबूत. पण मार्चमध्ये ते फेडलं नाहीत तर पोरीची फी अडकेल, म्हणून मी तेही सुचवत नाही. तेवढंच पर्सनल लोन 14 टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतलंत तर हप्ता 12 हजार आणि नुसतं व्याज 38 हजार. प्रोसेसिंग फी वेगळी.

आता ऊसबिल. एकरी 40 टन आणि पहिली उचल (कारखान्याचा पहिला हप्ता) टनाला 3,300 धरली तर 5 लाख 28 हजार. त्यातून आधी सोसायटी. वेळेत फेडलं तरच 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज बिनव्याजी पडतं. मुदत चुकली की सवलत गेली. खोडव्याचं (तोडीनंतर पुन्हा फुटणाऱ्या उसाचं) खत, मशागत आणि तोडणीवाल्यांची खुशाली (बक्षिसी) मिळून 80 हजार. उरतात 2 लाख 28 हजार. सहल यातूनच करायची.

मे म्हणजे दुय्यम पर्याय असं मुळीच समजू नका. तिथली पारंपरिक वाइन क्वेव्रीत, म्हणजे जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या मातीच्या रांजणात, साली-बियांसकट मुरते. शरद ऋतूत भरलेले ते रांजण वसंतात उघडतात, त्यामुळे मेमध्ये ताजी वाइन चाखायला मिळते. 2013 मध्ये युनेस्कोने या पद्धतीला वारसा म्हणून मान्यता दिली. तोटा एकच: मेमध्ये सरी येतात, समोरची कॉकेशसची शिखरं ढगात जाऊ शकतात. म्हणून एकाऐवजी दोन रात्री राहा.

पॅकेजवर माझा आक्षेप इथेच आहे. बहुतेक पॅकेजमध्ये सिग्नाघी ही राजधानी तिबिलिसीहून एका दिवसाची फेरी असते. वायनरी, बोदबेचा मठ, तटबंदीवर फोटो, की निघा. अठराव्या शतकात राजा एरेकलेने बांधलेला 23 बुरुजांचा तट आणि पिरोस्मानीची चित्रं असलेलं संग्रहालय तासाभरात होत नाही. स्वतः जायचं तर तिबिलिसीच्या समगोरी मेट्रोपासून मार्श्रुत्का, म्हणजे तिथली मिनीबस, आपली वडापच, जवळपास दोन तासांत पोचवते.

लारीला (तिथलं चलन) 33 रुपये धरून स्वतः केलेल्या सहलीचं बजेट: मुंबईहून तिकिटं 80 हजार, ई-व्हिसा आणि विमा 10, सात रात्रींचा मुक्काम 33, जेवण 32, प्रवास आणि टेस्टिंग 25, कोल्हापूर-मुंबई 8, राखीव 25. एकूण 2 लाख 13 हजार. पॅकेजच घेतलंत तर त्यावरचा टीसीएस, म्हणजे कंपनी आधीच वसूल करते तो आयकर, किमतीत धरलाय का, हे लेखी विचारा. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात.

खरी जोखीम तिबिलिसी विमानतळावर आहे. ई-व्हिसा असूनही भारतीयांना परत पाठवल्याची उदाहरणं आहेत, आणि तसं झालं तर सारा खर्च पाण्यात. परतीचं तिकीट, प्रत्येक रात्रीचं बुकिंग, विमा, बँक स्टेटमेंट आणि नोकरीचं पत्र छापून हातातल्या बॅगेत ठेवा. आधी व्हिसा, मग पैसे परत न मिळणारं तिकीट. हॉटेलं मात्र रद्द करता येणारीच घ्या.

कार्ड मशीनने रुपये की लारी विचारलं तर लारीच निवडा, रुपयांत दर महाग पडतो. कार्डाचं मार्कअप, म्हणजे परकी चलनातल्या खर्चावरचं बँकेचं शुल्क, साडेतीन टक्क्यांपर्यंत आणि वर जीएसटी असतो. कमी मार्कअपचं कार्ड मार्चमध्येच घेऊन ठेवा. वाइन माणशी 2 लिटरपर्यंत करमुक्त आणता येते, म्हणजे 750 मिलीच्या दोन बाटल्या. तिसरीने मर्यादा ओलांडते. त्या चेक-इन बॅगेतच भरा, हातातल्या बॅगेतून सुरक्षा तपासणीत काढून घेतील.