महाकालाला जायचं, तर मुक्काम कुठे?
वाचक विचारतात, माई सांगतात

प्रश्न : माई, पुण्याहून माझ्या सासूबाईंच्या मोठ्या बहीण येताहेत. वय अठ्ठ्याहत्तर, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. महाकालाची भस्म आरती बघायची त्यांची फार दिवसांची इच्छा आहे आणि आरतीची परवानगीही मिळाली आहे. ह्यांचं म्हणणं, "उज्जैन काय, तासा-सव्वातासाचा रस्ता. रात्री साडेबाराला घरून निघू, सकाळी पोह्यांना परत घरी." सासूबाई म्हणतात, मंदिर समितीच्या धर्मशाळेत राहू. मी फोनवर एक हॉटेल बघून ठेवलंय, 'मंदिरापासून ५०० मीटर' असं लिहिलेलं. घरात तीन मतं झाली आहेत. काय करावं?
— एक सून, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : सूनबाई, यजमानांचा बेत सगळ्यात आधी रद्द कर. उज्जैन पंचावन्न किलोमीटर, म्हणून आपल्या इंदूरकरांना ते अंगणातलंच वाटतं. तरण्या माणसांचं ठीक आहे, त्यांनी खुशाल मध्यरात्री निघावं. पण मावशींनी दहाला आडवं व्हायचं, साडेअकराला उठायचं, अंघोळ करायची, लुगडं नेसायचं, गाडीत अवघडून बसायचं, उतरून रांगेत उभं राहायचं, आणि ज्या घटकेसाठी पुण्याहून आल्या त्याच घटकेला डोळ्यांवर झापड यायची, हे बरोबर नाही. आमचं रामबागेतलं घर म्हणजे महाकालाला निघालेल्या नातलगांचा ठरलेला थांबा. आरतीत पेंगून परतलेली वडीलधारी माणसं मी पाहिली आहेत, आणि 'नीट बघायला मिळालं नाही गं' ही त्यांची हळहळ अजून कानात आहे. शिवाय २०२८च्या सिंहस्थासाठी त्या रस्त्याच्या रुंदीकरणाचं काम काढलेलं आहे. रात्रीच्या अंधारात वळणरस्ते शोधत जाण्यात काय हशील?

म्हणजे मुक्काम उज्जैनलाच. आता कुठे, ते बघू.

कोणी मला हे विचारलं की मी उलट दोनच गोष्टी विचारते. दर्शन किती वाजता घ्यायचंय? आणि बरोबरच्यांत सगळ्यात थकलेलं माणूस कोण? तुमच्याकडे या दोन्हींची उत्तरं स्पष्ट आहेत. आरती पहाटे चारची, त्यासाठी मंदिरात त्याच्याही बरंच आधी पोचावं लागतं, आणि बरोबर दुखऱ्या गुडघ्याच्या मावशी आहेत. तेव्हा खोली मंदिराला लागून हवी. साधी असली तरी चालेल. फ्रीगंजमध्ये हॉटेलं मोठी आणि रस्ते रुंद, पण ते रेल्वेच्या पलीकडचं नवं शहर आहे. तिथून मंदिर तीनेक किलोमीटर पडतं, आणि मध्यरात्री रिक्षा शोधत बसावं लागतं. सावकाश आठ-नऊला दर्शनाला जाणाऱ्यांनी फ्रीगंजला जरूर राहावं. तुम्ही नको.

तुझ्या त्या 'पाचशे मीटर'बद्दल. पाचशे मीटर कुठून कुठवर, हे विचारल्याशिवाय पैसे भरू नकोस. ऑक्टोबर २०२२ मध्ये 'महाकाल लोक' हा मंदिराकडे नेणारा लांबलचक पायी मार्ग सुरू झाल्यापासून मंदिराचा परिसर लांबच लांब पसरला आहे. त्याच्या सुरुवातीच्या नंदीद्वारापासून हॉटेल पाचशे मीटर असेल, तर पुढे त्या लोकाची नऊशे मीटरहून जास्त चाल उरतेच. वृद्धांसाठी तिथे बॅटरीच्या गाड्या आहेत, पण त्या वेळी त्या मिळतीलच असं धरून चालू नये. परवानगीपत्रावर वेळ आणि प्रवेशाचं ठिकाण बघून घे आणि हॉटेलवाल्याला सरळ विचार, "या दारापाशी म्हाताऱ्या माणसाला चालत किती मिनिटं लागतील?" जो हे नीट सांगतो, त्याच्याकडे राहावं.

माझं मन विचारशील तर हरसिद्धी ते रामघाट हा पट्टा. मंदिराच्या मागच्या अंगाला आहे, चालत जाता येतं. संध्याकाळी हरसिद्धीच्या अंगणातल्या दोन दीपमाळा उजळतात, त्या मावशींना बसल्या जागेवरून बघता येतील. मराठ्यांच्या काळच्या दीपमाळा आहेत त्या. माणसं तेलाचे डबे नि वाती घेऊन दगडी खुंट्यांवर पाय देत सरसर वर चढतात, आणि एवढ्या उंच दीपमाळा खालपासून शेंड्यापर्यंत बघता बघता उजळून निघतात. आणि महाकालाचं आजचं देऊळ राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी अठराव्या शतकात बांधवून घेतलं, हेही त्यांना सांग. पुण्याच्या माणसाला ते ऐकून बरं वाटेल.

या भागात जुन्या घरांचेच लॉज झालेत. जिने अरुंद, पायऱ्या उंच, लिफ्ट क्वचित. म्हणून खोली ठरवायच्या आधी फोन करून पुढचं सगळं विचार, अगदी खोदून खोदून. खोली तळमजल्यावर आहे का? रस्त्यावरून आत यायला किती पायऱ्या? कमोड आहे का, आणि धरायला भिंतीला दांडा? रात्री दोन वाजता गरम पाणी मिळेल का? हे शेवटचं फार महत्त्वाचं. पुष्कळ ठिकाणी छतावर सोलर असतं, संध्याकाळी सगळे न्हाऊन घेतात आणि पहाटेवर गार पाणी उरतं. अंघोळ केल्याशिवाय मावशी आरतीला जाणार नाहीत, आणि पौष-माघात उज्जैनची थंडी हाडं गोठवते. गीझर असेल तिथेच जा, किंवा बादली तापवून देण्याचं कबूल करून घे. आणखी एक, रात्री शटर कोण उघडणार? लहान लॉजचं शटर अकराला खाली येतं आणि पोरगा आत गाढ झोपतो. झोपण्याआधी त्याला वेळ सांगून ठेवायची, त्याचा फोन नंबर घ्यायचा.

सासूबाईंचं मतही चुकीचं नाही. मंदिर समितीच्या निवासात सोय नेटकी असते, दर माफक, आणि समितीचं अन्नक्षेत्र आहे, तिथे प्रसादाचं जेवण विनामूल्य. तळमजल्याची खोली मिळत असेल तर पहिली पसंती त्यालाच द्या. नाही मिळाली तर हरसिद्धीकडचा लॉज. तुझं हॉटेल माझ्या हिशेबी तिसरं.

जवळ राहण्याचा आणखी एक फायदा. मंदिरात मोबाइल नेता येत नाही, डिसेंबर २०२२ पासून बंदी आहे. खोली जवळ असली की मोबाइल, पर्स, चपला सगळं तिथेच कुलपात राहतं आणि परतताना कुठल्या खिडकीपाशी ताटकळावं लागत नाही. बरोबर फक्त परवानगीपत्र आणि ओळखपत्रं, तीही मूळ. पण मोबाइल नाही म्हणजे चुकामूक झाली तर हाक मारायची सोय नाही. निघण्याआधी एक जागा ठरवा, 'आरतीनंतर सगळे इथेच', आणि मावशींच्या पदराला लॉजचं नाव-पत्ता लिहिलेली चिठ्ठी बांधून ठेव.

त्यांना अजून एक गोष्ट आधीच सांगायला हवी. भस्म चढत असताना बायकांना चेहऱ्यावर पदर ओढून घ्यायला सांगतात. तिथली तशी रीत आहे. आयत्या वेळी कळलं की म्हातारं माणूस खट्टू होतं, 'एवढ्या लांब येऊन तेवढंच बघायचं राहिलं' असं वाटतं. घरी शांतपणे सांगितलं तर त्या मनाची तयारी करून जातील. भस्मानंतरचा शृंगार, झांजा, डमरू, आरती, हे सगळं उघड्या डोळ्यांनी बघायला मिळतं.

आदल्या दिवशी दुपारी पोचा. दीपमाळा बघून हलकं जेवा आणि आठला दिवा मालवा. आरतीहून आल्यावर पुन्हा दोन-तीन तास झोप. काळभैरव, मंगळनाथ, सांदीपनी आश्रम हे सगळं त्याच सकाळी उरकायचा आग्रह यजमानांनी धरू नये. मावशींना उत्साह असला तर एखादं ठिकाण, नाहीतर चहा घेऊन सरळ इंदूर.

*

प्रश्न : ओंकारेश्वरला भक्तनिवासाची खोली इंटरनेटवर शोधली. फोनवर गोड बोलून आगाऊ पैसे मागितले, आम्ही भरले. तिथे गेल्यावर कळलं की आमच्या नावाची खोलीच नाही. पुन्हा जायचंय. आता कुठे आणि कसं ठरवावं?
— एक वाचक, तिलक नगर, इंदूर

उत्तर : भाऊ, हे ऐकून जीव तुटला. देवाच्या नावावर लुबाडणारे सगळ्याच तीर्थांच्या गावी पसरलेत. संस्थानासारखंच नाव, देवळाचा फोटो, नंबर मात्र भलत्याचाच. शोधल्यावर सगळ्यात वर येणारा नंबर संस्थानाचाच असतो असं नाही. नंबर घ्यायचा तो संस्थानाच्या पावतीवरून, किंवा नुकतंच राहून आलेल्या माणसाकडून. आपल्या इंदुरात असा माणूस दोन गल्ल्या सोडून सापडतोच. कोणी एखाद्या माणसाच्या खाजगी नावावर पैसे मागितले तर तिथेच फोन ठेवा. तुमचे पैसे गेले त्याची तक्रार १९३० या सायबर हेल्पलाइनवर नोंदवा. अशी तक्रार जितकी लवकर होईल तितकी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त.

राहायचं कुठे? ममलेश्वरच्या बाजूला, नर्मदेच्या दक्षिण काठावर. बस तिथवर येते, बहुतेक धर्मशाळा तिथेच आहेत, आणि शेगावच्या गजानन महाराज संस्थानाची शाखाही त्याच काठावर. आपल्या लोकांना तिथे घरच्यासारखं वाटतं, स्वच्छता शेगावची आणि शिस्तही शेगावची. दुपारच्या आत पोचा, ओळखपत्रं सगळ्यांची हवीत. ओंकारेश्वराचं देऊळ आहे त्या मांधाता बेटावर राहायची हौस अनेकांना असते. पण सामान हातात घेऊन पूल ओलांडायचा, वर चढ-उतार, पायऱ्या. सात किलोमीटरची बेटाची परिक्रमा पहाटे करायची असेल आणि पाय धडधाकट असतील, तर एक रात्र बेटावर काढावी. एरवी नको.

ओंकारेश्वर एका दिवसात उरकून येऊ नका. इथला खरा सोहळा रात्रीचा. शयन आरतीनंतर गाभाऱ्यात शंकर-पार्वतीसाठी सारीपाट मांडून दार लावतात. सकाळी जाऊन दुपारी परतणाऱ्याच्या वाट्याला ते येतच नाही. आणि ऐंशी किलोमीटरच्या त्या वाटेवर भेरूघाटात ट्रकांची कोंडी झाली की सगळं वेळापत्रक कोलमडतं.

कार्तिकी एकादशीनंतर मात्र जागेची मारामार असते. चातुर्मास संपला की नर्मदेचे परिक्रमावासी तिथूनच परिक्रमा उचलतात, आणि त्यांत मराठी माणूस फार. ते दिवस टाळता आले तर टाळा. घाटावर स्नान करताना भोंगा ऐकू आला की ताबडतोब वर या. वरच्या अंगाला धरण आहे, पाणी सोडलं की पायऱ्या झपाट्याने बुडतात.

*

प्रश्न : माई, आम्ही दोघं निवृत्त. श्रावणी सोमवारची महाकालाची सवारी पाहायची आहे. त्या दिवशी उज्जैनला खोली मिळते का? कुठल्या भागात घ्यावी?
— लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : मिळते, पण आधी पंचांग उघडा. तिकडचा श्रावण पौर्णिमान्त, म्हणजे आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो. सवाऱ्या मात्र तिकडच्या भाद्रपदाच्या पहिल्या पंधरवड्यातही निघतात, म्हणजे आपल्या श्रावणाच्या वद्य पक्षात. आपला श्रावण धरून गेलात तरी सवारी चुकत नाही. शेवटची शाही सवारी मात्र तुम्हा दोघांसाठी नको, गर्दी आवरत नाही. मधल्यांपैकी एखादा सोमवार धरा.

पालखी दुपारी चारच्या सुमाराला मंदिरातून निघते. महाद्वारात पोलीस सलामी देतात, मग गुदरी, कहारवाडीवरून रामघाटावर क्षिप्रेच्या पाण्याने पूजन, आणि फिरून छत्री चौक, गोपाळ मंदिर, पटनी बाजार करत परत. गोपाळ मंदिर बायजाबाई शिंद्यांनी बांधलेलं, आणि तिथे पालखीची आरती होते. माझ्या मते सवारी बघायची उत्तम जागा तीच. पटनी बाजारात किंवा छत्री चौकाजवळ रस्त्याकडेच्या खिडकीची पहिल्या मजल्यावरची खोली मिळाली, तर दोघं खुर्ची टाकून बसा. महाकालाच्या चंद्रमौळेश्वर रूपाची पालखी खिडकीखालून जाईल. अशा खोलीला त्या दिवशी भाव जास्त लागतो, पण तो द्यावा. बाहेर उभं राहून तुम्ही दमणार, आणि रेटारेटीत एकमेकांचा हात सुटायची भीती वेगळीच. खोली ठरवताना खिडकी कुठल्या रस्त्यावर उघडते तेवढं पक्कं विचारा, 'सवारी मार्गावर' एवढ्यावर भागत नाही. कित्येक खोल्यांची खिडकी मागच्या बोळात उघडते.

रविवारी दुपारीच जाऊन पोचा. सोमवारी रस्ते बंद होत जातात, आपली गाडी त्या भागात नेता येत नाही. म्हणून गाडी घरीच ठेवा आणि सरवटे बसस्थानकावरून बसने जा, पुढे ई-रिक्षा. सोमवारी रात्री परतायचा विचारही करू नका, मंगळवारी सकाळी नऊनंतर निघा. औषधांचा डबा, टॉर्च, आणि खोलीतच खायला दशम्या-चटणी बरोबर असू द्या. त्या संध्याकाळी खाली उतरून जेवणाचं ठिकाण गाठणं कठीण जातं.