मॉरिस कोण, आणि त्याची ‘बाजू’ कोणती?

प्रश्न : ‘हेडिंग्टन क्वारी मॉरिस साइड’ या इंग्लंडमधल्या लोकनृत्यमंडळाच्या नावाचे भाषांतर ‘हेडिंग्टन खाणीतील मॉरिसची बाजू’ असे वाचले. हा मॉरिस कोण? आणि ‘साइड’ला ‘बाजू’ म्हणणे योग्य आहे का?

उत्तर : ‘साइड’चे आधी उरकून टाकू. फलंदाजी करणारी ‘साइड’ म्हणजे संघ, तीच ही. लेझीमचे पथक असते तसे हे मॉरिस पथक. ‘क्वारी’ हा गावाच्या नावाचा भाग आहे. ऑक्सफर्डच्या पूर्वेचे हे गाव, दगडखाणींचे आणि विटा पाडणाऱ्यांचे, आता शहरातच मिसळले आहे. तिथे कोणी खाणीत उतरून नाचत नसे.

राहिला मॉरिस. हे त्या नाचाचेच नाव, तो कोणी माणूस नाही! ‘मॉरिस नावाच्या माणसाने सुरू केलेला नाच’ हे छापील मजकुरातही इतक्यांदा आले आहे की हा गृहस्थ आता खराच वाटू लागलाय. ‘मॉरिशसचा नाच’ म्हणणारे आणखी वेगळे. मॉरिशसमधली मराठी मंडळी कोकणातून नेलेली झाकरी नाचतात. तिचा याच्याशी काही संबंध नाही.

मूळ शब्द लॅटिन ‘माउरुस’, म्हणजे वायव्य आफ्रिकेतला रहिवासी. त्यातूनच इंग्रजी ‘मूर’, म्हणजे वायव्य आफ्रिकेतले आणि स्पेनमधले मुसलमान. या मुळापासून स्पॅनिशमध्ये ‘मोरिस्को’ हे विशेषण झाले, फ्लेमिशमध्ये ‘मोरिस्के दान्स’, आणि लंडनला पोचेपर्यंत त्याचे ‘मॉरिस’ झाले. 1448 साली लंडनच्या सोनारांच्या संघाने मॉरिस नाचणाऱ्यांना 7 शिलिंग दिल्याची नोंद आहे. 1480मध्ये एरास्मुस ग्रासरने म्युनिकच्या नगरभवनासाठी लाकडात कोरलेले ‘मोरिस्का’ नर्तक बघावेत. सोळांपैकी दहा शिल्लक आहेत. अंग पिळवटून नाचताहेत, पायांत घुंगरे.

गंमत अशी की मॉरिस हे माणसाचे नावही ‘माउरुस’वरूनच आलेले, आणि डचांनी 1598मध्ये राजपुत्र माउरित्सच्या नावाने ज्या बेटाला मॉरिशस म्हटले तेही त्याच मुळाचे. तिघे भाऊबंद खरे, पण कोणी कोणाचा बाप नव्हे. मोरोक्को मात्र या घरातला नाही, तो मराकेश शहराच्या नावावरून आला. आणि पोर्तुगीज गोव्यात उतरले तेव्हा त्यांनी इथल्या मुसलमानांनाही ‘मूर’च ठरवले, ज्यांचा मूळ मूरांशी दूरचाही संबंध नव्हता.

वादाचा मुद्दा इथेच आहे. नाव मूरांचे म्हणजे नाच मूरांनी आणला, असे ठोकून देणारे अभ्यासक आहेत. कोणी म्हणतात, स्पेनमधून हाकललेल्या मोरिस्कोंनी, म्हणजे ख्रिस्ती करून घेतलेल्या मूरांनी, तो आणला. पण ग्रानाडा हे स्पेनमधले शेवटचे मूर राज्य पडले 1492मध्ये, मोरिस्कोंची हकालपट्टी 1609पासूनची, आणि सोनारांचे सात शिलिंग 1448चे. तारखा तरी बघाव्यात! विलायती चिंच मेक्सिकोकडची. तिला ‘विलायती’ म्हणताना कोणी तिचा जन्मदाखला पाहिला नव्हता. पंधराव्या शतकातले ‘मूरिश’ हे असेच ‘विलायती’ असावे : परके, झगमगीत, चक्रावून टाकणारे. दरबारी करमणुकीला असे विशेषण शोभतेच.

इंग्लंडमधली लोकगीते आणि लोकनृत्ये गोळा करणाऱ्या सेसिल शार्पचे मत याहून वेगळे आणि माझ्या मते याहून कच्चे. मॉरिस हा ख्रिस्तपूर्व शेतीविधींचा अवशेष आणि नर्तकांच्या काळे फासलेल्या चेहऱ्यांमुळे त्याला मूरांचे नाव पडले, असे तो मानू लागला. जुन्या नोंदी मात्र दरबार आणि व्यापारी संघांच्या आहेत, शेताच्या नाहीत.

शार्पने सुरांची केलेली नोंद मात्र सोन्यासारखी आहे. 26 डिसेंबर 1899 रोजी हेडिंग्टनमध्ये त्याने हे पथक पाहिले. मॉरिसचा खरा हंगाम व्हिटसन या ख्रिस्ती सणाचा, म्हणजे मे-जूनचा. पण थंडीत बांधकामे बंद, हाताला काम नाही, म्हणून मंडळी अवेळी नाचायला निघाली होती. दुसऱ्या दिवशी शार्पने विल्यम किंबर या गवंड्याला बोलावून कॉन्सर्टिना या हातात धरायच्या छोट्या भात्याच्या वाद्यावर त्याच्याकडून सूर वाजवून घेऊन ते उतरवले. किंबरच्या वाद्यात कळ तीच राहते, पण भाता दाबला की एक स्वर आणि ओढला की दुसरा. पेटीवर बोटे बसलेला माणूस इथे हमखास फसतो. अखंड परंपरेच्या गप्पा मारणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की हे पथक मध्यंतरी मोडले होते. पर्सी मॅनिंग या पुराणवस्तूप्रेमीच्या खटपटीने ते त्याच वर्षी पुन्हा उभे राहिले.

भाषांतर करणाऱ्यांसाठी आणखी दोन खड्डे. ‘बेल्स’ना ‘चाळ’ म्हटले की वाचक घोट्यापाशी बघतो. ही घुंगरे चामड्याच्या पट्ट्यांवर शिवून नडगीवर, गुडघ्याखाली बांधतात. पट्टा ढिला असेल तर घसरून खाली येतो आणि आवाज मागे पडतो. नाचाचे मूळ पाऊल डावा-उजवा-डावा आणि चौथ्या मात्रेला त्याच डाव्यावर उडी असे आहे. पुढचे आवर्तन उजव्याने सुरू होते. नवखा चौथ्या मात्रेला उजवा टेकतो. मग पुढचा पाय डावा पडतो आणि तिघा-तिघांच्या दोन ओळींत एकटा उलटा दिसतो.

दुसरा खड्डा ‘बीन सेटिंग’. हेडिंग्टनच्या या काठीनाचाला कोणी ‘घेवडा बसवणे’ लिहिले तर हसावे की रडावे? नर्तक वाकून ठरल्या ठोक्याला काठीचे टोक जमिनीवर आपटतात आणि मग जोडीदाराच्या काठीवर टोला देतात. टोचणीने भोक पाडून बी टाकायची ही कृती; तिला आपल्याकडे कोणताही शेतकरी ‘टोकण’ म्हणेल. तेव्हा ‘घेवड्याची टोकण’.