धावताना लोकरीची टोपी थंडीत ठीक, पण उकाड्यातही चालते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोबत धावणारा एक जण बारा महिने डोक्यावर लोकरीचं काहीतरी घालतो आणि वर सांगतो की उन्हाळ्यात त्याने डोकं गार राहतं. हे खरं की नुसतं फॅड? आणि थंडीत तीच टोपी पुरेल का?

गार राहतं, हे काही मला पटत नाही. सावलीत उघड्या डोक्यापेक्षा गार अशी टोपी अजून कुणी विणलेली नाही. पण फॅडही म्हणवत नाही, कारण गेली सहा-सात वर्षं मी स्वतः पातळ मेरिनोचा (मेरिनो जातीच्या मेंढीच्या तलम लोकरीचा) बफ (दोन्ही बाजूंनी उघडी, नळीसारखी पट्टी) घालूनच धावतो. फक्त कधी घालायचा आणि कधी काढून मनगटाला गुंडाळायचा, हे मला जरा उशिरा कळलं.

आधी लोकरीचा घोळ मिटवू. लोकर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कानटोपी येते. माझी पहिली टोपी तशीच होती, मोठ्या बहिणीने विणलेली, जाड लोकरीची. तिसऱ्या किलोमीटरला कपाळावर अशी खाज सुटली की टोपी हातात धरून घर गाठलं. आरशात पाहतो तर भुवयांच्या वर विणीचा लालभडक ठसा, टाके मोजता येतील इतका स्पष्ट. मला वाटलं, ॲलर्जी. तसं नव्हतं. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतूंची टोकं कातडीला लागली की वाकत नाहीत, टोचतात, आणि घामाने भिजलेल्या कातडीला ते जास्तच जाणवतं. धावण्याच्या कपड्यांतली मेरिनो बहुतेक १७ ते १९ मायक्रॉनची असते. तिची टोकं लागताच वाकतात. (आपल्या डोक्याचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज घ्या.) बहिणीची टोपी अजून आहे, पण ती पळायला नाही.

दुसरी गोष्ट जाडीची. लेबलवर कापडाचं वजन दर चौरस मीटरला इतके ग्रॅम असं लिहिलेलं असतं. गरम हवेसाठी १५० किंवा त्याहून कमी, कडक थंडीसाठी २०० ते २५०. रंग आणि ब्रँड नंतर बघा.

आता मुद्द्याचं, घामाचं. एकदा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर मी बफ तोलून पाहिला. कोरडा ४८ ग्रॅम. पाऊण तास पळून आल्यावर ८३. म्हणजे ३५ ग्रॅम पाणी त्या चिमूटभर कापडात होतं, आणि तरी हाताला तो ओला फडका वाटत नव्हता, दमट वाटत होता. लोकरीचा तंतू स्वतःच्या वजनाच्या साधारण एक-तृतीयांश ओलावा वाफेच्या रूपात पोटात घेतो. तेव्हा त्या ३५ पैकी जास्तीत जास्त पंधराएक ग्रॅम तंतूंच्या आत आणि उरलेलं धाग्यांच्या फटींत. पॉलिएस्टरचा तंतू एक टक्कासुद्धा पीत नाही. त्याचं सगळं पाणी फटींतच राहतं, म्हणून ते लवकर सुकतं, पण सुकेपर्यंत कपाळाला चिकचिकतं.

लोकरीचे भक्त एक गोष्ट मात्र सांगत नाहीत. वाफ पोटात घेताना लोकर थोडी उष्णता सोडते. थंडीत सुरुवातीच्या मिनिटांत हा फायदाच असतो, उकाड्यात नाही.

गरम हवेचं गणित असं आहे. ६० किलोचा माणूस दहा किलोमीटर धावला तर सुमारे ६०० किलोकॅलरी खर्च होतात आणि त्यातल्या पाऊण हिश्श्याची निव्वळ उष्णता होते, म्हणजे ४५०. एक लिटर घाम पूर्ण सुकला तर अंगातून साधारण ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. तेव्हा फक्त घामावर भागवायचं तर पाऊण लिटरहून जास्त घाम सुकायला हवा. नाकावरून गळलेला थेंब यात धरायचा नाही, त्याने काहीच गार होत नाही.

म्हणून मी हवा पाहून ठरवतो. कोरडी गरम हवा आणि डोक्यावर ऊन असेल तर बफ नळाखाली भिजवतो, पिळतो आणि घालतो. लोकर सावकाश सुकते, ही एरवीची तक्रार इथे उपयोगी पडते, कारण गारवा जास्त वेळ टिकतो. भांग विरळ झालेल्यांना उन्हापासून आडोसाही मिळतो. लोकर अतिनील किरण बऱ्यापैकी शोषते, मात्र कापड ताणून बसलं की वीण उघडते, त्यामुळे घट्ट नको. डोळ्यांवर ऊन येत असेल तर बफचा काही उपयोग नाही, झापड असलेली टोपीच हवी.

हवा दमट असेल तर सरळ काढा. घाम सुकतच नाही तिथे मेरिनो असो की मलमल, डोक्यावर झाकणच ठेवल्यासारखं होतं. अशा दिवशी मी बफची दोन बोटं रुंद घडी करून कपाळाला बांधतो, डोळ्यांत खारं पाणी उतरू नये इतक्यापुरती. आणि गरगरलं, डोकं ठणकायला लागलं किंवा भर उकाड्यात अंगावर शहारे आले, तर टोपीचा विचार सोडून थांबायचं, सावली गाठायची आणि अंगावर पाणी ओतायचं.

जाता जाता: अमेरिकेतले व्यावसायिक बेसबॉल खेळाडू २००७ पर्यंत भर उन्हाळ्यात लोकरीच्याच टोप्या घालून खेळायचे. म्हणजे निभत होतं. मग पॉलिएस्टर आलं, तेही घामासाठीच. तुमच्या मित्राला आणि तुम्हाला, दोघांनाही हा दाखला वापरता येईल.

थंडीत मात्र लोकरीला तोड नाही. फक्त ‘शरीराची ४०-४५ टक्के उष्णता डोक्यातून जाते’ हे ऐकून जाडजूड टोपी घेऊ नका. ते वाक्य १९७० च्या सुमाराच्या अमेरिकी लष्करी पुस्तिकेतून पसरलं. डोकं शरीराच्या पृष्ठभागाच्या दहा टक्क्यांच्या आतबाहेर असतं आणि उष्णताही साधारण त्याच हिशेबाने जाते. थंडीत खरा त्रास कानांना होतो. त्यांना चरबीचं अस्तर नाही, वारा थेट लागतो. ५ ते १० अंशांत मला कान झाकणारी पट्टी पुरते, टाळू उघडी. शून्याच्या जवळ बफ दुहेरी करून टोपीसारखा घालतो आणि अंगात ऊब आली, साधारण पंधरा मिनिटांनी, की कानांवरून वर सरकवतो. काढत नाही. काढला की ओल्या केसांना वारा झोंबतो.

खरी हुडहुडी पळणं थांबल्यावर भरते. लोकर दमट असूनही ऊब धरते, त्यामुळे सुती टोपीइतकं अचानक गारठायला होत नाही. तरी थांबल्यावर पाच मिनिटांत कोरडी टोपी घाला. बॅगेत दुसरी ठेवायला जागा लागतेच किती!

वास न धरणं हा लोकरीचा मोठा गुण. चार-पाच वेळा पळूनही माझा बफ नाक मुरडायला लावत नाही. कडेला मिठाची पांढरी रेघ उमटली की नुसत्या पाण्यात खळबळतो आणि पसरून सावलीत वाळवतो. आपल्या घरात एक मेरिनो टोपी गरम पाण्याच्या मशीनमधून बाहुलीच्या मापाची होऊन निघाली आहे. तंतूंवर खवले असतात, गरम पाण्यात घुसळले की एकमेकांत अडकतात आणि मग सुटत नाहीत. मशीनमध्ये चालेल असं लेबलवर असेल तरच टाका, तेही गार पाण्यात.

आणि हो, ऋतू बदलला म्हणून न धुता कपाटात कोंबू नका. घामट लोकरीला कसर हमखास लागते. माझ्या जुन्या बफला बरोबर कपाळाच्या जागी दोन भोकं आहेत, तो मी आता फक्त उकाड्यात घालतो.