जानेवारीत शिकले, मे महिन्यात विसरले

प्रश्न : काका, देवगड तालुक्यात आमचं आंबा कॅनिंगचं छोटं युनिट आहे, सीझनला वीस-बावीस माणसं असतात. यंदा जानेवारीत दोन मुलगे आणि एक मुलगी असे तिघं पाच दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवले, फी, राहणं-खाणं, एसटीचं भाडं सगळं माझ्या पदरचं. परत आले तेव्हा एकदम तरबेज वाटले हो! आणि मे महिन्यात बघते तर रसातली साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर कपाटात आणि रस चाखूनच अंदाज चाललाय. सासरे म्हणतात पैसे पाण्यात घातलेस. चूक ट्रेनिंगवाल्यांची का पोरांची? – एक वाचक, देवगड

उत्तर : ताई, दोघांचीही थोडी थोडी असेल, पण राग मानू नका, जास्त चूक तुमच्या युनिटची आहे.

आधी कॅलेंडर बघा. कॅनिंगला आंबा कधी येतो, तर पेटीचा भाव उतरला की, म्हणजे मे महिन्यात, आणि मग पावसाच्या आत सगळी धावपळ. तुम्ही शिकायला पाठवलंत जानेवारीत. मधले तीन-चार महिने ही पोरं काय करत होती? कोणी बागेत फवारणीला, कोणी घरी. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ सालीच स्वतःवर प्रयोग करून दाखवलंय की शिकलेलं वापरलं नाही तर पहिल्या काही दिवसांतच भराभर गळतं. तो बिचारा अर्थ नसलेली अक्षरं पाठ करत होता आणि हाताचं काम तेवढं पटकन विसरत नाही हे खरं, पण चार महिने हात न लागलेल्या मशीनजवळ जायला माणूस बिचकतोच की.

आता तुमचा रिफ्रॅक्टोमीटर कपाटात का गेला याचा माझा अंदाज सांगतो, चुकला तर कळवा. क्लासमध्ये थंड पल्पचा थेंब टाकला, आकडा बरोबर आला. तुमच्याकडे किटलीतला गरम गरम पल्प थेट काचेवर टाकला असणार, आणि साध्या मशीनमध्ये गरम थेंबाचा ब्रिक्स, म्हणजे साखरेचा आकडा, आहे त्यापेक्षा कमीच दिसतो. हापूसला १६च्या आसपास तरी यायला हवा तिथे १३-१४ दिसला की पोरगं गोंधळणार. शेजारी तुमचा जुना मिस्त्री उभा, तो हसून म्हणणार, "तां मशीन ठेव बाजूक, जिभेक इचार." संपलं, सगळे हसले, मशीन कपाटात. थेंब गार होऊ द्यायला दोन मिनिटं लागतात, ती दोन मिनिटं त्याला कोणी दिलीच नाहीत. मिस्त्रीची जीभ खोटी आहे असं माझं म्हणणं नाही हां, तीस सीझन चाखलेली जीभ आहे ती, पण गिऱ्हाईक कागदावर आकडा मागतं, जीभ नाही मागत.

ह्यावर अभ्यासही झालाय. रुइलर आणि गोल्डस्टीन या दोघांनी १९९३ साली अमेरिकेतल्या फास्ट फूडच्या दुकानांत नवे असिस्टंट मॅनेजर तपासले, ट्रेनिंग सगळ्यांचं सारखंच. पण ज्या दुकानात वरचा माणूस आठवण करून द्यायचा, नव्या पद्धतीने केलं तर चांगलं म्हणायचा, तिथली पोरं शिकलेलं जास्त वापरायची. बर्गर आणि आमरस यात माणसं सारखीच असतात.

आणि एक खाजगीतलं विचारतो, सीझनला तुम्ही ओरडता का? ओरडत असाल, सगळेच ओरडतात, मीसुद्धा लोट्याला केमिकल प्लांटवर शिफ्ट इन्चार्ज होतो तेव्हा घसा बसेपर्यंत ओरडायचो आणि परिणाम काय, तर ऑपरेटर मला चूक सांगायचेच बंद झाले, मला कळायचं ते माल रिजेक्ट होऊन आल्यावर. एमी एडमंडसन या संशोधक बाई हॉस्पिटलमधल्या औषधांच्या चुका मोजत होत्या, त्यांना वाटलं होतं चांगल्या टीमच्या चुका कमी निघतील, निघाल्या जास्त! कारण तिथल्या नर्सेस चुका लपवत नव्हत्या. तेव्हा तुमच्या त्या मुलीला डब्याचं सीमिंग, म्हणजे झाकणाचा जोड, ढिलं दिसलं तर ती लाईन थांबवा म्हणू शकते का, का आधी तुमचा चेहरा बघते?

पुढच्या वर्षी ट्रेनिंग एप्रिलच्या शेवटी घ्या, जमलं तर शिकवणाऱ्यालाच युनिटवर बोलवा. मिस्त्रीलाही बसवा, पण विद्यार्थी म्हणून नको, त्याचा मान राहू दे, "दादा तुम्ही आधी जिभेने सांगा मग आम्ही मोजतो" असं करा, दोन दिवसांत तोच आकडा विचारायला लागेल. पहिला आठवडा ब्रिक्सची वही त्या तिघांकडेच द्या आणि संध्याकाळी तुम्ही स्वतः ती बघा, नुसती सही नको. सासऱ्यांना सांगा पैसे पाण्यात नाही गेले, कपाटात आहेत.

प्रश्न : काका, आयटीआय फिटर झालोय, दोन ठिकाणी इंटरव्ह्यू दिले, दोन्हीकडे म्हणाले अनुभव नाही. मुंबईला जाऊ का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : जा की, कोकणातला निम्मा माणूस गेलाच आहे, पण अनुभव नाही हे तिथेही ऐकायला लागेल. त्याआधी अ‍ॅप्रेंटिसशिप कर. १९६१चा कायदा आहे, ३० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला अ‍ॅप्रेंटिस घ्यावेच लागतात, आणि तुझ्या शेजारी लोटे-परशुराम, खेर्डी एवढी एमआयडीसी पडलीय. सरकारी पोर्टलवर नाव नोंदव आणि गेटवर जाऊनही विचार, नुसतं मोबाईलवर अर्ज टाकून वाट बघत बसू नकोस.

इंटरव्ह्यूत "मला सगळं येतं" म्हणालास ना? खरं सांग. त्यापेक्षा पंपाचं अलाइनमेंट केलंय, गॅस्केट बदललंय, बेअरिंग काढायला अजून वेळ लागतो, असं सांगितलंस तर समोरचा मेंटेनन्सवाला खूश होतो, त्याला कळतं की ह्याने खरंच हात काळे केलेत. आणि जिथे घेतील तिथल्या जुन्या फिटरला पहिल्या दिवशी विचार, नवीन पोरगा इथे कोणाच्या हाताखाली शिकतो. त्याने एखादं नाव घेतलं तर बरं. "शिकायचं काय त्यात, बघून बघून येतं" म्हणाला तर वर्षभर झाडू आणि चहा. कागद हातात आला की त्यावर अ‍ॅप्रेंटिस लिहिलंय का हेल्पर, ते वाच आणि मग सही कर.