घूं घूं, खर्र खर्र आणि मुका स्पीकर : तुमचे प्रश्न

या वेळी घरच्या गाण्याच्या सेटबद्दल पत्रं खूप आली आणि बऱ्याच पत्रांत शेवटची ओळ तीच, "दादा, आता नवीन सेटच घ्यावा का?" नका हो घेऊ, निदान अजून नको. बिघाड पुष्कळदा मशीनमधे नसतोच, वायरीत नाहीतर पिनेत असतो, आणि तो शोधायला अदलाबदल करून बघण्याइतकं स्वस्त हत्यार दुसरं नाही.

प्रश्न : डावा स्पीकर अचानक बंद पडला. स्पीकर उडाला का? (सातारा)

अ‍ॅम्प (म्हणजे आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर) बंद करा, मागच्या डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी अ‍ॅम्पच्या टोकाला अदलाबदल करा आणि परत चालू करा. आता उजवा मुका झाला आणि डावा बोलायला लागला तर तुमचा स्पीकर ठणठणीत आहे, दुखणं अ‍ॅम्पमधे किंवा त्याच्याही मागे आहे. मग सीडी प्लेयरच्या लाल-पांढऱ्या पिना उलट करून बघा. मुकेपणा बाजू बदलतो का तेवढं फक्त बघत जायचं, जिथे बदलत नाही तिथे चोर सापडला. आणि हो, अ‍ॅम्पवरचं बॅलन्सचं बटण एका बाजूला सरकलंय का ते सगळ्यात आधी बघा, घरात लहान मुलं असतील तर विशेष करून.

प्रश्न : टीव्हीचा आवाज अ‍ॅम्पवर घेतल्यापासून सारखी घूं घूं येते, गाणं बंद केलं तरी येते. केबलवाला म्हणतो माझा प्रॉब्लेम नाही. (चिपळूण)

आता हे जरा नीट सांगतो कारण अशी पत्रं दर महिन्याला येतात. आधी अ‍ॅम्पला मागून लावलेल्या सगळ्या पिना काढा, फक्त स्पीकर ठेवा. तरीही घूं घूं आली तर अ‍ॅम्पच्या आत पॉवर सप्लायचे मोठे कपॅसिटर (वीज साठवणारे डबे) म्हातारे झालेत असं समजा आणि मेकॅनिककडे न्या, ते घरी उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यात करंट राहतो.

पण तुमच्याकडे बहुतेक पिना काढल्यावर आवाज थांबेल. मग एकेक पिन लावत जा आणि शेवटी सेट-टॉप बॉक्समधे येणारी केबलवाल्याची जाड वायर काढून बघा. ती काढल्याबरोबर शांत झालं ना? याला ग्राउंड लूप म्हणतात. केबलची वायर बाहेर कुठेतरी जमिनीला जोडलेली असते, तुमचा अ‍ॅम्प घरातल्या अर्थिंगला जोडलेला, दोन्हींच्यामधे थोडा फरक असतो आणि तो करंट ऑडिओच्या वायरीच्या शील्डमधून, म्हणजे वरच्या जाळीच्या वेष्टणातून, फिरतो, म्हणून आपल्या विजेचे ५० हर्ट्झ (सेकंदाला ५० हेलकावे) स्पीकरमधून ऐकू येतात. म्हणजे केबलवाला अर्धा खरा बोलतोय.

उपाय, सगळी यंत्रं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावून बघा, काही घरांत तेवढ्यानेच भागतं. नाही भागलं तर टीव्ही आणि अ‍ॅम्पच्या मधे ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी लावा, मुंबईत लॅमिंग्टन रोडला नाहीतर पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ विचारा. एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो, अ‍ॅम्पच्या प्लगची वरची जाडी पिन कापू नका. कापली की घूं घूं थांबते हे खरं, पण ती पिन तुमचा जीव वाचवायला आहे, गाण्यासाठी नाही.

प्रश्न : मेहुण्यांनी न्यू जर्सीहून जुना रेकॉर्ड प्लेयर आणला. ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावला, चालतो छान, पण लताबाईंचा आवाज एखाद्या पुरुषासारखा येतो. तबकडीच्या कडेचे स्पीड तपासायचे ठिपके तर दिव्यात अगदी स्थिर दिसतात, म्हणजे स्पीड बरोबर आहे ना? (कोथरूड)

वा, या महिन्याचा सगळ्यात आवडता प्रश्न! तुमच्या ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट बदलले पण हर्ट्झ बदलले नाहीत. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५०. जुन्या बऱ्याच प्लेयरमधली मोटर या हर्ट्झला बांधलेली असते, म्हणून ३३⅓ ऐवजी तबकडी मिनिटाला जेमतेम २८ फेरे मारते. काळी दोनमधलं गाणं पांढरी एकमधे, खरं तर त्याच्याही जरा खाली उतरतं, पेटी घेऊन बसा, लगेच कळेल.

ठिपक्यांनी तुम्हाला गंडवलं कारण तो दिवासुद्धा त्याच विजेवर लुकलुकतो. तबकडी जितकी हळू तितकाच दिवाही हळू, दोघं मिळून खोटं बोलतात! त्यापेक्षा तबकडीच्या कडेला कागदाचा तुकडा चिकटवा आणि घड्याळ लावून मिनिटभर फेरे मोजा.

बेल्टवर चालणारा असेल तर मोटरवरची छोटी पुली बदलता येते, ५० हर्ट्झची पुली साधारण सव्वापट नाही, एक पूर्णांक दोन दशांश (१.२) पट जाड लागते, आणि काही कंपन्या दोन्ही पुल्या देत असत म्हणून मेहुण्यांना विचारा की खोक्याच्या तळाशी काही राहिलंय का. डीसी मोटरवाल्या प्लेयरला ही भानगड नसते. आणि आवाज बारीक नि पत्र्यासारखा पण येत असेल तर प्लेयरच्या वायरी मागे ऑक्स (AUX) लिहिलेल्या ठिकाणी लावल्यात का बघा, त्या फोनो लिहिलेल्या ठिकाणी लागतात, सुईतून येणारा सिग्नल अगदी नाजूक असतो.

प्रश्न : दिवाळीत साफसफाई केली आणि तेव्हापासून तबल्याचा डग्गा ऐकूच येत नाही. (सांगली)

एका स्पीकरची लाल-काळी वायर उलट लागली. एक पडदा बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो आणि खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. एकाच स्पीकरची वायर सरळ करा, दोन्ही नका फिरवू, परत तेच होईल.

प्रश्न : व्हॉल्यूम फिरवताना खर्र खर्र होतं. (रत्नागिरी)

बटणाच्या आत धूळ आणि कोकणातला दमट हवेचा प्रसाद. प्लग काढून कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन फवारे बटणाच्या आतल्या भागात मारा, तीसेक वेळा इकडून तिकडे फिरवा, सुकू द्या. खोबरेल तेल नको! आमच्या काकांनी घातलं होतं, दोन दिवस मस्त चाललं आणि मग जी धूळ चिकटली ती चिकटलीच.

प्रश्न : गणपतीत गच्चीवर अजून दोन स्पीकर जोडले तर अ‍ॅम्प अर्ध्या तासाने आपोआप बंद पडतो. थोड्या वेळाने परत चालू होतो. (ठाणे)

तो बंद पडतोय हे तुमचं नशीब. ८ ओहमचे (ओहम म्हणजे करंटला होणारा अडथळा) दोन स्पीकर एकाच जोडणीवर पॅरलल लावले की अ‍ॅम्पला ४ ओहम दिसतात, करंट जवळजवळ दुप्पट ओढला जातो, तो तापतो आणि स्वतःला वाचवतो. मागे किती ओहमपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं, त्याच्या खाली जाऊ नका. आणि अ‍ॅम्पवर वहिनींनी विणलेलं कव्हर घातलेलं असेल तर आरती संपेपर्यंत तरी काढून ठेवा.