पुण्यात नवीन फ्लॅट घेतलाय, टँकरच्या पाण्याचा टीडीएस १५० आहे. आरओ घ्यावा का, आणि कोणता?

तुमच्या प्रश्नात टीडीएसचा आकडा आहे, क्लोरीनचा नाही. म्हणून लिहायला बसलो.

मी ३१ वर्षं आरोग्य सेवक होतो. आधी हवेली, मग तेव्हाचा वेल्हे, शेवटची सात वर्षं मुळशी. डब्याच्या पिशवीत पाण्यातला क्लोरीन तपासायचं ओटीचं किट कायम असायचं. गावात गेलं की टाकीजवळचा नळ सोडून थेट शेवटच्या नळावर जायचं, नळीत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे आणि पिवळा रंग येतो का बघायचं. पिवळं झालं की समजायचं, क्लोरीन शिल्लक आहे. लिटरला निदान ०.२ मिलीग्रॅम तरी हवा. नाही झालं तर ग्रामपंचायतीत जाऊन टीसीएलचं, म्हणजे ब्लीचिंग पावडरचं, पोतं उघडायचं. पावसाळ्यात हमखास पोत्याचं तोंड उघडं आणि पावडरीची ढेकळं झालेली. ताज्या टीसीएलमध्ये ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. तो २० टक्क्यांच्या खाली गेला की टाकीत टाकलं काय आणि ओट्यावर फासलं काय, सारखंच. पाण्याला धोका असलेल्या गावाला लाल कार्ड मिळायचं, सुरक्षित असलेल्याला हिरवं. एका गावाचं लाल कार्ड हिरवं व्हायला चार वर्षं लागली. त्या चार वर्षांचा मला आजही अभिमान आहे.

निवृत्त झाल्यावर २०१९ मध्ये धायरीत फ्लॅट घेतला. धायरी २०१७ मध्येच महापालिकेत आली होती, पण आमच्याकडे नळाचं पाणी जेमतेम तासभर, बाकी सगळं टँकरवर. महापालिकेच्या नळाचं पाणी आणि कुठल्या विहिरीतून भरलेला टँकर, दोन्ही आमच्या खालच्या टाकीत एकत्र.

२०२२ च्या पावसाळ्यात पार्किंगमधलं ड्रेनेजचं चेंबर तुंबलं. मी खाली गेलो तर घाण पाणी फरशीवर पसरलेलं, आणि खालच्या टाकीचं झाकण तिथून हातभर अंतरावर. झाकणाची कड एका बाजूला फुटलेली. वर येऊन स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी तपासलं. नळी काचेसारखी स्वच्छ, पिवळेपणाचा मागमूस नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी परत केलं, तेच.

चेअरमनकडे गेलो. त्यांनी माझ्यासमोर ग्लासात टीडीएसचं मीटर बुडवलं. १४२. म्हणाले, "काका, बिसलेरीसारखं पाणी आहे. तुम्ही आता रिटायर झालात, आराम करा."

मीटर काय मोजतं, तर पाण्यात विरघळलेले क्षार, तेही पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून. जंतू त्याला दिसत नाहीत. पन्नास हजार लिटरच्या टाकीत संडासाचं बादलीभर पाणी मिसळलं तरी तो आकडा जागचा हलणार नाही. हे मी त्यांना दोनदा समजावलं. दोन्ही वेळा त्यांनी मीटरच दाखवलं.

मग जुन्या सहकाऱ्याकडून एचटूएसची बाटली आणली. मैल्याचे जंतू असतील तर तिच्यातलं पाणी एक-दोन दिवसांत काळं होतं. संध्याकाळी खुणेपर्यंत पाणी भरून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवली. सकाळी चहा ठेवायला गेलेल्या बायकोने हाक मारली. बाटली दौतीतल्या शाईसारखी काळी झाली होती.

तीच बाटली घेऊन चेअरमनकडे. त्यांनी आधी दार लावून घेतलं. मग म्हणाले, "हे ग्रुपवर टाकू नका. तीन फ्लॅट विकायला आहेत. रविवारी टाकी साफ करून घेतो." मी गप्प बसलो. टाकी साफ झाली बारा दिवसांनी.

पाच आठवड्यांनी समोरच्या घरातल्या सुनेला कावीळ झाली. सातवा महिना चालू होता. तपासणीत हेपॅटायटिस ई निघाला. एरवी हा आजार आपोआप बरा होतो, पण शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर बाईला तो जीवघेणा ठरू शकतो. हे मी शेकडो आशाताईंना शिकवलेलं. नऊ दिवस ती अतिदक्षता विभागात होती. वाचली. मुलगी दिवस भरायच्या आधी झाली, तीही वाचली. तिच्या सासूबाईंनी मला विचारलं, "भाऊजी, तुम्ही तर यातलेच. तुम्हाला काही कळलं नव्हतं का?" त्याचं उत्तर मी त्यांना तेव्हा दिलं नाही, नंतर दिलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि आत निघून गेल्या.

आता तुमच्या कामाची गोष्ट. त्यांच्या घरात आरओ होता, चांगल्या कंपनीचा, वेळच्या वेळी सर्व्हिसिंग केलेला. विषाणू नेमका कुठून गेला ते कोणी सांगू शकत नाही. पण दात घासायचे बेसिनच्या नळाने, कोथिंबीर धुवायची सिंकच्या नळाने. ओट्यावरचं मशीन घरातला एकच नळ सांभाळतं. बिल्डिंगची टाकी घाण असेल तर मशीन कोणतं घ्यायचं हा प्रश्न नंतरचा.

जानेवारी २०२५ मध्ये आमच्या जवळच्या नांदेड गाव, किरकटवाडी, सिंहगड रस्ता या पट्ट्यात जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम, यात हातपाय लुळे पडतात) रुग्ण निघाले, संशयितांचा आकडा दोनशेच्या वर गेला, काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर हा पोटाचा जंतू सापडला, तेव्हा त्याच चेअरमनचा मला फोन आला. "काका, ती पिवळी होणारी बाटली कुठे मिळते?"

प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळते. ऑर्थोटोलिडीन विषारी आहे, तेव्हा तपासलेलं पाणी प्यायचं नाही, नळी धुवून ठेवायची आणि मुलांच्या हाती लागू द्यायची नाही. डीपीडीच्या गोळ्या मिळाल्या तर अधिक चांगलं, त्यात रंग गुलाबी येतो. आठवड्यातून एकदा तुमच्या घरातला नळ तपासा आणि टँकर आला की पाईप टाकीत सोडण्याआधी त्याचंही पाणी तपासा. रंग आला नाही तर टँकर परत पाठवा. ड्रायव्हर भांडेल, भांडू दे. टाकीत टीसीएल टाकायचं तर १००० लिटरला २.५ ते ५ ग्रॅम. आधी बादलीत कालवायचं, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी ओतायचं आणि अर्धा तास थांबायचं. ड्रेनेजचं चेंबर आणि पिण्याची टाकी शेजारी शेजारी असतील तर ताबा घेण्याआधी बिल्डरकडून लेखी घ्या. शंका आली त्या दिवशी पाणी खळखळून उकळा.

आरओचं म्हणाल तर १५० टीडीएसला त्याची गरज नाही. भारतीय मानकात ५०० पर्यंत चालतं. बोअरचं पाणी क्षारट असेल तर गोष्ट वेगळी, तिथे आरओ घ्यावा. साधा यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारं मशीन, तुम्हाला पुरेल, मात्र पाणी गढूळ नको. क्लोरीनचंही तसंच आहे, आणि मी त्याचीच बाजू घेतोय म्हणून हेही सांगायला हवं. १९५५-५६ मध्ये दिल्लीत नाल्याचं पाणी यमुनेतून थेट शुद्धीकरण केंद्रात शिरलं. क्लोरीन वाढवला होता, त्यामुळे टायफॉइड फारसा पसरला नाही, पण सुमारे २९,००० लोकांना कावीळ झालीच. जपून ठेवलेले रक्ताचे नमुने १९८० मध्ये तपासले तेव्हा ती नेहमीची 'ए' कावीळ नव्हती हे कळलं. म्हणजे क्लोरीन गाळलेल्या पाण्यावर काम करतो, सांडपाण्यावर नाही. मी डॉक्टर नाही. घरात कोणी गरोदर असेल किंवा केमो चालू असेल तर त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

एक मात्र मशीन घ्यायच्या आधी करा. दर सोमवारी मी लिफ्टशेजारी कागद लावतो: तारीख, कोणता नळ, पिवळा आला की नाही. पहिला कागद चेअरमननी फाडला. दुसरा समोरच्या सूनबाईंनी लावला, कडेवर मुलगी घेऊन. तो कोणी फाडला नाही. आणि ज्यांच्यासाठी मला गप्प बसवलं होतं ते तिन्ही फ्लॅट विकले गेले. शेवटचा घेणारा तर त्या कागदाचा फोटो काढून घेऊन गेला.